माळाला पडीक म्हणू नका

गावच्या पारावर बसलेल्या कोणालाही विचारा, "तुमच्या गावात जमीन किती?" तो आधी बागायत सांगेल, मग जिरायत सांगेल, आणि शेवटी हात झाडून म्हणेल, "बाकी काय, सगळा माळ. पडीक." हा 'पडीक' शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो खरा की खोटा, हे पाहण्याची गरजही आपल्याला वाटत नाही. आज मला बोलायचे आहे ते या माळाविषयी. तो काय आहे, तो कसा खालावतो, आणि खालावलेला माळ पुन्हा कसा वर आणता येतो, एवढ्या तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी माळ कुठला ते पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे निघा. शंभर किलोमीटरांच्या आत फलटण, माण, खटाव हे तालुके लागतात. इथे पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास. ढग डोंगराच्या त्या अंगाला रिते होतात आणि या अंगाला वारा तेवढा येतो. इथून पुढे बारामती, इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा, सांगोला, मंगळवेढा असा हा पट्टा पसरत जातो. ओढ्याकाठी आणि नदीकाठी काळी माती, आणि वर चढावाला मुरमाड, उथळ जमीन. कुठे वीतभर माती, कुठे चार बोटे, आणि खाली खडक. या उथळ जमिनीवर जे गवताळ रान आहे तो आपला माळ.

आता कोणी विचारील, "इथे पूर्वी दाट जंगल होते आणि ते तुटून माळ झाला, असेच ना?" पुष्कळांची अशी समजूत आहे. डोंगराच्या कुशीत, घाटमाथ्याजवळ काही ठिकाणी ती खरीही असेल. पण पर्जन्यछायेतला मुख्य माळ हा मोडलेले जंगल नव्हे. २०२५ साली दोन संशोधकांनी एक निराळा उद्योग केला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-काव्यांत, ओव्यांत आणि देवस्थानांच्या कथांत रानझाडांचे जे उल्लेख आहेत ते त्यांनी गोळा केले. दाट रानाची झाडे त्यांत थोडी निघाली, उघड्या, काटेरी माळाची झाडे जास्त. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनीही हा मुलूख बराचसा असाच उघडा पाहिला होता. माळ ही निसर्गाचीच एक घडण आहे. जिथे माती उथळ आणि पाऊस थोडा, तिथे दाट झाडी टिकत नाही, गवत टिकते. मध्ये मध्ये हिवर, बोर, बाभूळ असते.

मग हा माळ 'पडीक' केव्हा ठरला? इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी झाली, जमाबंदी झाली. ज्या जमिनीवर सारा बसेल ती कामाची, आणि बसणार नाही ती पडीक, असा सरळ हिशेब होता. सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीने तो हिशेब बरोबर असेल. पण तिथे मेंढ्या चरत होत्या, गाई चरत होत्या, गावाची वैरण तिथून येत होती, ते त्या हिशेबात धरले गेले नाही. आणि इंग्रज गेल्यावरही शब्द राहिला. २००० साली भारत सरकारने पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यातही खालावलेली कुरणे आणि झुडपांची उघडी राने पडीक जमिनींच्या यादीत आहेत. एकदा एखाद्या जमिनीला पडीक म्हटले, की तिचे काहीही केले तरी ती सुधारणाच वाटते. नांगरा, खणा, कारखान्याला द्या, कोणी हळहळत नाही.

श्रोतेहो, माळ हे शेतच आहे. पीक गवताचे, एवढाच फरक. आणि हे पीक पेरावे लागत नाही, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही.

चांगल्या माळावर कोणती गवते असतात? शेडा, पवना आणि मारवेल ही त्यातली मोठी नावे. गावोगावी नावे बदलतात, पण गुरे राखणाऱ्याला ही गवते नेमकी ठाऊक असतात. ही बहुवर्षायू गवते. म्हणजे वरचा पाला उन्हाळ्यात वाळून जातो, पण जमिनीतला ठोंब जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. त्यांची मुळे मातीत दाट विणलेली असतात. दर वर्षी काही मुळे मरतात, कुजतात, आणि त्यांच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. पावसाचे पाणी या पोकळ्यांतून आत उतरते. वर पाल्याचे छत्र असते, त्यामुळे टपोरा थेंब मातीवर आपटत नाही. तो पात्यावर फुटतो आणि हळूच खाली येतो.

उघड्या जमिनीवर याच्या उलट घडते. थेंबाच्या माराने मातीचे बारीक कण उडतात, भोके बुजतात, आणि वर एक पातळ टणक पापुद्रा धरतो. मग पाणी आत शिरत नाही, ते धावू लागते. थोडा हिशेब करून पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर ते एक लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी होते. ते आत मुरले तर खालच्या विहिरीला लागेल. धावले तर माती घेऊन जाईल. आणि एका एकरावरून इंचभर माती गेली तर ती सव्वाशे टनांच्या वर भरते. बैलगाडीला टनभर धरले, तर सव्वाशेहून अधिक गाड्या माती गेली. ती पुन्हा तयार व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात.

हे नुसते अंदाजाचे बोलणे नाही. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात न. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत शेजारी शेजारी वाफे आखून, प्रत्येकातून किती पाणी वाहिले आणि किती माती गेली, हे मोजून पाहिले होते. गवताने झाकलेली जमीन आपली माती धरून ठेवते आणि उघडी जमीन सोडून देते, हे तेव्हापासून आपल्याच मुलखात सिद्ध झालेले आहे.

आता माळ खालावतो कसा, ते नीट समजून घेऊ. माळ एका रात्रीत ओसाड होत नाही. तो एकेक पायरी उतरतो, आणि कोणत्या पायरीवर कोणते गवत, हे ज्याला ओळखता येते त्याला धोका आधीच दिसतो.

पहिल्या पायरीवर शेडा, पवना, मारवेल. ही गवते रसाळ, म्हणून जनावर ती आधी खाते. चराई वाढली की त्यांनाच पुन्हा पुन्हा तोंड लागते, त्यांना बी धरायला सवड मिळत नाही आणि ती विरळ होतात. मग दुसरी पायरी येते, कुसळीची. कुसळी कोवळी असताना जनावर खाते, पण बी धरले की तिला टोकदार कुसळे येतात. ती मेंढीच्या लोकरीत अडकतात, कातड्यात घुसतात, तोंडाला जखमा करतात. म्हणून आश्विनानंतर जनावर तिला टाळते आणि ती वाढत जाते. लांबून पाहणाऱ्याला माळ अजून सोनेरी, भरलेला दिसतो. पण चाऱ्याचा कस उतरलेला असतो.

तिसऱ्या पायरीवर आखूड, तारेसारखे बारीक गवत येते, ज्याच्या एकेका बीला तीन तीन कुसळे असतात. त्याची मुळे उथळ, पाला नावापुरता. ठोंबाठोंबांमध्ये उघडी जमीन दिसू लागते, पापुद्रा धरतो, खडे वर येतात. खडे वर आले म्हणजे जमिनीतून खडे उगवले असे नव्हे. त्यांच्या भोवतालची माती गेली, म्हणून ते दिसू लागले. हे गावातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि चौथी पायरी म्हणजे उघडा मुरूम. त्यावर पावसाळ्यात तरोटा, रुई, निवडुंग, आणि १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले ते गाजर गवत. जनावर ज्याला तोंड लावत नाही तेवढेच उरते. कुठे कुठे वेडी बाभूळ घुसते आणि मग त्या जागी गवताला ऊनही मिळत नाही.

यातली पहिली तीन पायऱ्यांची उतरण मागे फिरवता येते. ठोंब थोडे का होईनात शिल्लक असतात, माती असते, बी वाऱ्याने येते. त्याला विसावा मिळाला तर चार-पाच पावसाळ्यांत माळाचे रूप बदलते. पण चौथ्या पायरीवर माती गेलेली असते. मग नुसते कुंपण घालून वर्षानुवर्षे वाट पाहिली तरी फार काही घडत नाही. तेव्हा जे करायचे ते तिसऱ्या पायरीच्या आत करायला हवे. आपले राज्य कोणत्या पायरीवर आहे? अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने २०१६ साली उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के जमीन कमी-अधिक खालावलेली आहे, आणि त्यात पाण्याने होणारी धूप हे सर्वांत मोठे कारण आहे.

मग दोष कोणाचा? उत्तर तोंडावर तयार असते: "धनगराच्या मेंढ्यांचा. मेंढी गवत मुळापासून खाते." यात सत्याचा अंश आहे, तो नाकारू नये. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला असतो, त्यामुळे ती गाईपेक्षा जमिनीच्या जवळ चरू शकते. एकाच जागी कळप दिवसेंदिवस राहिला तर माळाची हानी होते, यात शंका नाही. पण 'एकाच जागी' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

धनगराची जुनी रीत एकाच जागी राहण्याची नव्हतीच. पावसाळ्यात कळप माळावर. दसरा-दिवाळी झाली की बरेच वाडे घोड्यांवर संसार लादून निघत. कोणी घाट उतरून कोकणात, कोणी नदीखोऱ्यांत. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला सांगत. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी आणि मूत्र यांचे खत आयते पडे, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळत. ही रीत अजूनही चालू आहे, तुमच्यापैकी अनेकांनी मेंढ्या बसवल्या असतील. कळप बाहेर गेला की माळाला विसावा मिळे. जनावराने चरावे आणि पुढे जावे, ही गोष्ट माळाला मानवते. हजारो वर्षे हरणांचे कळप त्याच्यावर असेच चरत आले. खुरांनी पापुद्रा फुटतो, लेंडीतून बी पसरते. चराई मुळीच नसली तरी काही वर्षांनी जुन्या वाळक्या पाल्याने ठोंब गुदमरतात.

मग बिघडले कुठे? एक मोठे कारण म्हणजे माळच आकसला. एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञांनी देशातल्या सात कोरडवाहू राज्यांतल्या ऐंशीवर गावांची पाहणी केली. त्यात त्यांना दिसले की १९५० नंतरच्या तीस-एक वर्षांत गावांच्या सामाईक जमिनी राज्याराज्यांत एक-तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटल्या. काही वाटून दिल्या गेल्या, काही नांगरटीखाली गेल्या, काही बळकावल्या गेल्या. आपल्याकडेही गायराने अशीच कमी झाली. आता सोपे गणित करा. शंभर मेंढ्या शंभर एकरांवर चरत होत्या. एकर पन्नास झाले. मेंढी एकही वाढली नाही, तरी भार दुप्पट झाला! त्यात कालवे आले, ऊस आला, रस्त्यांना कुंपणे आली, आणि कळपाच्या जुन्या वाटा अडल्या. जो पुढे जाऊ शकत नाही तो आहे तिथेच चारतो. मेंढी बदलली नाही, तिचे रान आणि तिची वाट कमी झाली.

दुसरे कारण आग. माघ-फाल्गुनात माळ पेटवण्याची सवय पुष्कळ गावांत आहे. "राख पडली की गवत चांगले फुटते," असे सांगतात. एखादे वर्ष तसे दिसते. पण दर साल जाळले तर जमिनीवरचे वाळलेले पाचोळ्याचे पांघरूण जाते, आणि पहिल्या वळवाचा मार थेट उघड्या मातीवर बसतो.

तिसरे कारण जरा नाजूक आहे, पण बोलले पाहिजे. चांगल्या हेतूने केलेली कामेही कधी कधी माळाला मारतात. माळ उघडा दिसतो, म्हणून त्याच्यावर झाडे लावण्याची हौस येते. १९७० नंतरच्या दशकांत दुष्काळी भागाच्या कार्यक्रमांतून सोलापूरकडच्या माळांवर गिरिपुष्पाची लागवड झाली. गिरिपुष्पाला आपल्या ठिकाणी गुण आहेत. बांधावर लावले तर हिरवळीचे खत होते. पण गवताळ माळावर त्याची दाटी झाली की खाली गवत राहत नाही. त्याच भागात १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले होते. माळढोकाला लांबवर उघडे रान लागते, झाडीत तो राहत नाही. आज तो तिथे अगदी क्वचित दिसतो. त्याच्या नाहीसे होण्याची कारणे पुष्कळ आहेत, झाडी वाढणे हे त्यांतले एक. तीच गोष्ट चरांची. उतारावर समतल चर काढणे हे काम योग्य जागी फार मोलाचे आहे. पण जिथे माती चारच बोटे आहे आणि गवत अजून धरून आहे, तिथे यंत्राने खोल चर मारले तर जिवंत ठोंब उखडले जातात आणि मुरूम वर येतो. आधी गवत पाहा, मग कुदळ उचला, असे मी सांगेन.

आता उपायांकडे वळू.

गवताची एक गोष्ट समजली की निम्मे काम झाले. गवत आपले अन्न पात्यात तयार करते आणि त्यातला काही भाग ठोंबात आणि मुळांत साठवते. पहिल्या पावसानंतर जी फूट येते ती या साठ्यावर येते. ती कोवळी फूटच खाऊन टाकली, तर साठा संपतो आणि नवा भरत नाही. १९५५ साली अमेरिकेत क्रायडर नावाच्या शास्त्रज्ञाने गवताचा पाला निरनिराळ्या प्रमाणात छाटून मुळांकडे लक्ष ठेवले. निम्म्यापर्यंत पाला काढला तरी मुळे वाढत राहिली. पण ऐंशी टक्के पाला काढला तेव्हा मुळांची वाढ बारा दिवस ठप्प झाली, आणि नव्वद टक्के काढला तेव्हा त्याहूनही अधिक दिवस. यावरून नियम निघाला, निम्मे खा आणि निम्मे राखा. सावकाराच्या भाषेत सांगायचे तर व्याज खावे, मुदलाला हात लावू नये.

यावरून गावासाठी तीन-चार गोष्टी ठरतात.

पहिली गोष्ट, पाऊस पडल्याबरोबर माळावर जनावर सोडू नये. गवत वीतभर होऊ द्यावे. दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तर याची विशेष काळजी घ्यावी, कारण त्या वेळी ठोंब आधीच अशक्त असतात. नेमकी त्याच वेळी जनावरेही उपाशी असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांची वैरण आधीच बाजूला ठेवणे, हे या उपायाचे खरे मर्म आहे.

दुसरी गोष्ट, पाळीपाळीने विसावा. गायरानाचे ओढे, बांध, वाटा पाहून तीन भाग करावेत. दर वर्षी एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे बी पिकून गळेपर्यंत बंद ठेवावा. नंतर तोही उघडावा, वाळले गवत कापावे किंवा चारावे. पुढच्या वर्षी दुसरा भाग, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. अशाने तीन वर्षांत प्रत्येक भागाला एकदा बी धरायला मिळते, आणि कोणत्याही वर्षी दोन भाग चराईला मोकळे राहतात.

तिसरी गोष्ट, बी आणि दगड. जिथे ठोंब फारच विरळ झाले आहेत तिथे मारवेलीचे ठोंब शेजारच्या बांधावरून आणून पावसाच्या तोंडी लावावेत. सोबत स्टायलोसारख्या शेंगावर्गी चाऱ्याचे बी टाकले तर जमिनीला नत्र मिळते. घळीच्या तोंडाशी सुट्या दगडांची आडवी ताल घालावी. माती तिथे थांबते आणि थांबलेल्या मातीत गवत आपोआप येते. आणि माळ पेटवणे बंद करावे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती गवताची नसून माणसांची आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांची नावे तुम्ही ऐकली आहेत. तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः स्वीकारली. हिवरे बाजारात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढच्या वर्षांत तिथे मोकळी चराई थांबवून गवत कापून नेण्याची पद्धत बसली. डोंगर हिरवे झाले, चारा वाढला, दूध वाढले. हे मोठे काम आहे आणि त्यापासून शिकलेच पाहिजे.

पण बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि दोन एकर ओलीत आहे, त्याला बंदी सोसते. तो विळा घेऊन जाईल आणि भारा आणील. ज्याच्याकडे जमीन नाही आणि साठ मेंढ्या आहेत, त्याने काय करावे? मेंढी दावणीला बांधून विकतच्या वैरणीवर पोसणे त्याला परवडत नाही. बंदीचा ठराव झाला त्या दिवशी त्याचा धंदा बसतो, आणि ठराव करणाऱ्यांत तो बहुधा नसतो. मग तो कळप घेऊन शेजारच्या गावच्या माळावर जातो. आपला माळ वाचतो आणि त्यांचा एक पायरी खाली उतरतो. हिशेब गावापुरता बरोबर, तालुक्यापुरता चुकीचा.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा मेंढक्याला बोलवा आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या. कोणता भाग कोणत्या महिन्यात बंद ठेवायचा हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते, कारण तो रोज गवताकडे पाहतो. बंद भागातले गवत कापल्यावर त्याचा वाटा त्याला ठेवा. शेत मोकळे झाल्यावर मेंढ्या बसवण्याचा मोबदला वेळेवर द्या. जाण्यायेण्याची वाट नकाशावर आखून मोकळी ठेवा. ज्याला वाटा आहे तो राखण करतो. ज्याला फक्त मनाई आहे तो रात्री कुंपण उघडतो, आणि त्याला दोष देऊन भागत नाही. गायराने मुळात शाबूत राहिली तरच या सगळ्याला अर्थ आहे. म्हणून आपल्या गावचे गायरान कागदावर किती आणि जागेवर किती, हेही ग्रामसभेने एकदा मोजून पाहावे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. तुमच्या शाळेजवळ माळ असेल तर तो तुमची प्रयोगशाळा आहे. तीन सोपे प्रयोग सांगतो.

एक. लांबीने आणि रुंदीने एक मीटर अशी चार काठ्यांची चौकट करा. पावसाळा संपताना ती माळावर दहा ठिकाणी टाका. प्रत्येक वेळी चौकटीत किती ठोंब, कोणत्या गवताचे, आणि उघडी जमीन किती, हे मुलांना मोजून लिहू द्या. नावे कळली नाहीत तर गावातल्या मेंढक्याला किंवा एखाद्या आजीला विचारा. चौकटीच्या जागांना दगडांची खूण करा आणि दर वर्षी तिथेच मोजा. पाच वर्षांची ही वही गावाला फार उपयोगी पडेल, कारण माळ वर चढतो आहे की खाली उतरतो आहे हे तिच्यातून दिसेल.

दोन. दोन्ही तोंडे उघडी असलेला एक पत्र्याचा डबा घ्या. तो गवतात दोन बोटे जमिनीत रोवा, एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते पाहा. मग तोच प्रयोग उघड्या, पापुद्रा धरलेल्या जागी करा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जलसंधारण म्हणजे काय, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तीन, आणि हा मुलांना सर्वांत आवडेल. कुसळीचे पिकलेले वाळके कुसळ ओल्या तळहातावर ठेवा. क्षणात ते सापासारखे वळवळू लागेल. त्याची शेपटी पिळलेली असते, ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या उलट-सुलट फिरण्याने बी स्वतःला मातीत रोवून घेते. आपण ज्या माळाला निर्जीव म्हणतो त्याच्यावरचे एक कुसळसुद्धा आपली पेरणी स्वतः करते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. मात्र डोळे आणि तोंड जपायला सांगा.

श्रोतेहो, २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. राने आणि पशुपालक ही दोन नावे त्यांनी एकत्र घेतली, ते योग्यच झाले. पण खरे काम आपल्या गायरानावर आणि आपल्या ग्रामसभेत व्हायचे आहे. येत्या पावसाळ्यात एक करा. एका संध्याकाळी गावच्या माळावर जा, बरोबर एखाद्या जाणत्या मेंढक्याला घ्या, आणि त्याला विचारा, "दादा, इथे पूर्वी कोणते गवत होते आणि आता कोणते आहे?" तो जे सांगेल त्यावरून आपला माळ कितव्या पायरीवर उभा आहे ते तुम्हाला कळेल. शेडा आणि मारवेल अजून दिसत असतील तर ती राखा. कुसळी दिसत असेल तर सावध व्हा. आणि खडे वर आले असतील तर या वर्षीच एक भाग बंद करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.